खुंटीचा सांधा: लाकडी सांगाड्याचा जोर कुठे असतो आणि तो कसा आखायचा

सोलापूरच्या साखर पेठेतलं एक जुनं माळवदाचं (मातीच्या सपाट छपराचं) घर उतरवत होते, तेव्हा मी तिथे होतो. वरची माती ओढून झाली, छपराच्या लाकडी कड्या खाली आल्या, आणि खांबावरची आडवी तुळई सोडवायची वेळ आली. मजुरांनी करवत उचलली. सुतारमामा म्हणाले, "थांबा रे, कापू नका. खुंटी मागून मारा." लाकडी मोगरीचे चार ठोके पडले आणि एक काळी पडलेली खुंटी पुढच्या बाजूनं बाहेर आली. वीतभर लांब, अंगठ्याएवढी जाड आणि मधोमध वाकलेली. जिथे ती कुसवातून गेली होती तिथे लाकूड घासून गुळगुळीत झालं होतं. कुसवाला मात्र एक चीर नव्हती. मामांनी खुंटी माझ्या हातात दिली. म्हणाले, "बघा, हिनं मान वाकवली, पण कुसू फाटू दिलं नाही."

ती खुंटी अजून माझ्या टेबलावर आहे. पुढे मी जे जे सांधे केले ते याच एका गोष्टीभोवती केले: सांधा कधी हरणारच असेल तर खुंटी आधी वाकली पाहिजे, लाकूड आधी फाटता कामा नये. वाकणारी खुंटी महिनोन्महिने इशारा देते. सांधा सैल पडतो, फट दिसते, आपण जागे होतो. फाटणारं लाकूड इशारा देत नाही.

हा लेख शेतावर ओसरी काढणाऱ्यांसाठी, घरापुढे लाकडी मांडव उभा करणाऱ्यांसाठी किंवा जुन्या वाड्याचा एखादा खण (खांबांमधला गाळा) दुरुस्त करणाऱ्यांसाठी आहे. सगळं एकमजली आणि हलक्या छपराचं. माळवदाचं छप्पर यात धरू नका. एक फूट जाडीच्या मातीचं वजन चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास जातं. तसं घर किंवा माडी करायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून हिशेब करून घ्या. यात कुठलीही सवलत नाही.

शब्दांचा घोळ नको म्हणून आधी ठरवून घेऊ. लाकडाच्या टोकाला पातळ करून काढलेली जीभ म्हणजे कुसू. ते ज्यात बसतं ती खाच. खाचेच्या दोन्ही बाजूंना उरलेल्या भिंती म्हणजे गाल. कुसू जिथे सुरू होतं तिथली पायरी म्हणजे खांदा. गालातून, कुसवातून आणि पुन्हा दुसऱ्या गालातून आरपार जाते ती खुंटी. मापं इंच आणि सुतात देतो, कारण वखारीत आणि सुताराच्या तोंडी तीच आहेत. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे एक सूत साधारण ३ मिलिमीटर.

वजन बैठकीवर, ओढ खुंटीवर

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. छपराचं वजन तुळईवर येतं, तुळईचं खांबावर. हे वजन लाकडावर लाकूड टेकून खाली गेलं पाहिजे. खुंटीवर ते लटकवायचं नाही. आपल्याकडचे जुने सुतार हे चोख पाळत. खांब तळखड्यावर (पायाच्या दगडावर) उभा, खांबाच्या डोक्यावर हस्त (तुळईला आधार देणारा लाकडी तुकडा), हस्तावर तुळई. प्रत्येक वस्तू खालच्या वस्तूवर बसलेली असते. कुसू आणि खुंटी फक्त जागा सोडू देत नाहीत.

तुळई खांबाच्या डोक्यावर न बसवता त्याच्या बाजूला जोडायची असेल, तर खांबात अर्धा ते पाऊण इंच खोल बैठक कोरा. तुळईचा सगळा तळ तिच्यावर टेकला पाहिजे. बैठक न कोरता नुसत्या कुसवावर आणि खुंटीवर तुळई लटकवलेले मांडव मी पाहिलेत. पहिली दोन वर्षं ते छान दिसतात.

मग खुंटी कशासाठी? तीन कारणांसाठी. लाकूड आकसलं तरी खांदा घट्ट चिकटून राहावा म्हणून. छप्पर वाऱ्यानं उचललं जात असताना खांब आणि तुळई एकमेकांना सोडू नयेत म्हणून. आणि भूकंपात सांगाडा हलला तर तुकडे वेगळे होऊ नयेत म्हणून.

तिसरं कारण आपल्या भागाला शिकवावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. सोलापूरचीही झोप उडाली. लातूर आणि धाराशिवकडच्या गावांत माणसं मेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची माती अंगावर आल्यामुळे. त्याच गावांतल्या अनेक घरांत भिंती पडल्यावरही लाकडी खण उभे राहिलेले होते. पण त्या खणांमध्ये तिरका टेकू नव्हता. बाजूचा सगळा आधार भिंतीचाच, आणि ती भिंत गेल्यावर सांगाडा नुसता डुलणारा. म्हणून आज नवा सांगाडा करताना मी जुन्या पद्धतीत एक भर घालतो, ती म्हणजे खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात ४५ अंशांचे तिरके दांडे.

तिरक्या दांड्याबद्दल एकच नियम सांगतो आणि पुढे जातो. दांडा ढकलण्याचं काम चांगलं करतो, ओढण्याचं काम वाईट. त्याचं कुसू आखूड असतं आणि खुंटीच्या पुढे लाकूड फारसं उरत नाही. म्हणून प्रत्येक ओळीत दांडे जोडीनं लावा, समोरासमोर. सांगाडा डावीकडे झुकला तर एक दांडा ढकलेल, उजवीकडे झुकला तर दुसरा. हिशेबात ओढणारा दांडा नाहीच असं धरा.

सांधा मोडतो कसा

खुंटीचा सांधा ओढला तर तो तीन प्रकारे हरू शकतो.

पहिला प्रकार चांगला. खुंटी गाल आणि कुसवाच्या दोन सीमांवर वाकते, चिरडते, शेवटी तुटते. हे हळूहळू होतं.

दुसरा प्रकार वाईट. खुंटीच्या पुढे, कुसवाच्या टोकापर्यंत जे लाकूड उरलेलं असतं, ते खुंटीच्या रुंदीएवढ्या ठोकळ्याच्या रूपात ढकललं जाऊन बाहेर निघतं. कुसू आखूड ठेवलं की हे होतं.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. खाच ज्या लाकडात आहे त्याचा काठ रेषेच्या, म्हणजे लाकडाच्या धाग्यांच्या, दिशेनं फाटतो. खुंटी काठाच्या फार जवळ घेतली की असं होतं. लाकूड रेषेच्या दिशेनं ओढायला मजबूत असतं, पण रेषांना एकमेकांपासून वेगळं करायला फार जोर लागत नाही. जळणाची ढलपी कुऱ्हाडीच्या एका घावात फुटते ती याचमुळे.

यावरचं शास्त्र फार जुनं नाही. लाकडात बसवलेल्या खिळ्या-बोल्टसारख्या आडव्या कांड्यांचा जोर कसा मोजायचा, याचा पाया डेन्मार्कच्या योहानसेन यांनी १९४९ साली घातला. पण तो लोखंडी कांड्यांचा विचार होता. लोखंडी बोल्ट कडक असतो, लाकूड मऊ. खुंटीच्या सांध्यात तिन्ही लाकूडच, त्यामुळे वागणूक वेगळी. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठात रिचर्ड श्मिट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी असे सांधे यंत्रावर ओढून मोडले. टोकापासून आणि काठापासून किती लाकूड ठेवलं की फाटण्याऐवजी खुंटी आधी हार मानते, याची मापं त्यातून हाती आली. लाकडाच्या जातीनुसार ती खुंटीच्या व्यासाच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत जातात. दाट लाकडाला कमी पुरतं, हलक्या पाइनला जास्त लागतं.

सागासाठी मी अशी मापं धरतो. खुंटीच्या मध्यापासून कुसवाच्या टोकापर्यंत व्यासाच्या किमान तिप्पट. खुंटीच्या मध्यापासून खाचेच्या लाकडाच्या काठापर्यंत किमान अडीचपट. दोन खुंट्यांमध्ये किमान अडीचपट. कुसवाच्या बाजूच्या कडेपासून दुप्पट. ही चार मापं पाळली की खुंटीची जात आणि जाडी बघायला मोकळे. नाही पाळली, तर कितीही भारी खुंटी बसवा, उपयोग नाही. उलट जाड खुंटी म्हणजे मोठं भोक, आणि मोठं भोक म्हणजे कमी उरलेलं लाकूड.

हे मी स्वतः चूक करून शिकलो. पहिल्या मांडवात मला वाटलं, जाड तितकं चांगलं. सहा इंची खांबाला सव्वा इंचाची खुंटी घेतली आणि काठापासून जेमतेम दीड इंच अंतर ठेवलं. मार्चमध्ये उभारलेला मांडव मे महिन्यापर्यंत ठीक होता. मेच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तुळईतून कडकन आवाज आला आणि खुंटीच्या ओळीत हातभर लांब तडा गेला. वारा नव्हता, वजनही वाढलेलं नव्हतं. नुसतं ऊन होतं. लाकूड आकसू पाहत होतं आणि खुंटीनं त्याला जागेवर धरून ठेवलं होतं. ती तुळई बदलावी लागली.

लाकूड: सोलापूरच्या हवेत

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो आणि हवा इतकी कोरडी असते की बाहेर वाळत घातलेली चादर पाऊण तासात कडक होते. पावसाळा कमी, पण तेवढ्या काळात लाकूड पुन्हा थोडं फुगतं. म्हणजे सांधा दरवर्षी एकदा आवळतो, एकदा सैल होतो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर जमून जातं ते इथे जमेलच असं नाही.

लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही. आडव्या दिशेनं आकसतं. ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत साग वार्षिक वलयांच्या दिशेनं साडेपाच टक्क्यांच्या आसपास आणि गाभ्याकडून सालीकडे अडीच टक्क्यांच्या आसपास आकसतो. सहा इंच रुंद कुसवात याचा अर्थ काही सूत. आता विचार करा: कुसवात रुंदीच्या दोन्ही टोकांना दोन खुंट्या लांब-लांब घेतल्या. कुसू रुंदीत आकसणार. पण खाच ज्या लाकडात आहे त्याच्या लांबीच्या दिशेनं त्या दोन खुंट्या उभ्या आहेत, आणि ते लाकूड लांबीत आकसत नाही. दोन खुंट्या जागच्या जागी, मधलं कुसू ताणलं जाणार आणि फाटणार. म्हणून दोन खुंट्या जितक्या जवळ घेता येतील तितक्या जवळ घ्या, अडीचपटीचं बंधन पाळून.

सांगाड्यासाठी साग घ्या, पण वखारीत उभं राहून बघून घ्या. आजकाल परदेशातून आलेला लागवडीचा कोवळा साग भरपूर मिळतो. त्यात पांढऱ्या लाकडाचा पट्टा रुंद असतो. तो पट्टा वाळवीला आवडतो आणि खुंटीच्या भोकापाशी तो अजिबात नको. ओलाव्याचं मीटर आता स्वस्तात मिळतं. १२ टक्क्यांच्या वर दाखवत असेल तर लाकूड आणून सावलीत, खाली पट्ट्या देऊन, हवा खेळेल असं रचा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. घाई असेल तर निदान सहा आठवडे. उन्हात टाकू नका, टोकं फाटतात. टोकांना मेण किंवा जुना ऑइलपेंट लावा.

खुंटीचं लाकूड सांगाड्यापेक्षा दाट आणि जास्त सुकं हवं. सुकी खुंटी हवेतला ओलावा घेऊन किंचित फुगते आणि भोकात घट्ट होते. ओली खुंटी आकसून सैल पडते. बाभूळ उत्तम. सागापेक्षा जड आणि चिवट. औतं आणि बैलगाड्या तिच्यापासून उगाच नाही केल्या. पण बाभळीची रेष बरेचदा पिळलेली असते. वखारीतून कापून आणलेल्या बाभळीच्या पट्टीत रेष तिरकी बाहेर पडते, आणि तशी खुंटी ठोकताना सटकन तुटते.

माझा उपाय जुन्या बैलगाडीचं चाक. मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडे शेताच्या बांधावर मोडकी चाकं पडलेली दिसतात. त्यातले आरे सरळ रेषेची बाभूळ असतात, कारण चाक करणाऱ्यानं तेव्हाच निवडून घेतलेली असतात. शिवाय पंचवीस-तीस वर्षं सुकलेली. शेतकऱ्याला विचारून, रास्त पैसे देऊन घ्या. आरा उभा धरा, कुऱ्हाडीनं रेषेत फोडा. करवतीनं कापू नका. फोडलं की लाकूड आपली रेष आपणच दाखवतं. सरळ फुटला तो खुंटीचा, वाकडा फुटला तो चुलीचा.

फोडलेला तुकडा चौकोनी करा, मग कोपरे काढून अष्टकोनी. गोल करायचा असेल तर सुताच्या हिशेबानं भोक पाडलेली जाड लोखंडी पट्टी घ्या आणि खुंटी त्यातून ठोकून काढा. मी सांध्यासाठी अष्टकोनीच ठेवतो. आठ कडा भोकाच्या भिंतीला चावतात आणि सुटत नाहीत. पुढचं टोक दोन इंच निमुळतं करा, पेन्सिलीसारखं टोकदार नाही, बोटासारखं. सहा इंच रुंदीच्या सांध्याला नऊ इंचांची खुंटी: सहा आत, बाकी पुढे-मागे.

हिशेब: एक उदाहरण

शेतावरची ओसरी धरू. १२ फूट बाय १४ फूट, चार खांब, वर पत्रा. खांब ६ बाय ६ इंच. तुळया ६ इंच रुंद, ८ इंच खोल, खांबांच्या डोक्यावर बसवलेल्या. खांबाचं कुसू वर तुळईच्या पोटात जातं.

वजन तर थेट खांबावर टेकून उतरतं. खरी परीक्षा वळवाच्या वाऱ्याची. एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळी धुळीचं वादळ येतं आणि चहूबाजूंनी उघड्या ओसरीचा पत्रा खालून उचलतं. छपराचं क्षेत्रफळ १६८ चौरस फूट, म्हणजे साडेपंधरा चौरस मीटर. उचलणारा जोर मी चौरस मीटरला १०० किलो धरतो. म्हणजे एकूण १,५५० किलो. पत्रा, वासे आणि तुळयांचं वजन चौरस मीटरला ३० किलो धरलं तर ४६५ किलो वजा. उरले साधारण १,०८५ किलो. चार खांबांत वाटले तर प्रत्येकी २७० किलो. जागा फार उघड्यावर किंवा टेकडीवर असेल तर हा आकडा इंजिनिअरकडून आयएस ८७५ भाग ३ (वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणे काढून घ्या.

आता खुंटी. ती दोन जागी कापली जाऊ पाहते, दोन्ही गालांच्या सीमांवर. पाऊण इंच खुंटीचा एक काप साधारण २८४ चौरस मिलिमीटर, दोन मिळून ५६८. दाट, सुक्या बाभळीच्या खुंटीला सागाच्या सांध्यात मी चौरस मिलिमीटरला साडेतीन न्यूटनपेक्षा जास्त धरत नाही. ५६८ गुणिले ३.५ म्हणजे साधारण १,९९० न्यूटन. म्हणजे एका पाऊण इंची खुंटीवर २०० किलो. एक इंचीवर याच हिशेबानं ३६० किलो येतात, मी ३५० धरतो.

२७० किलोसाठी दोन पाऊण इंची खुंट्या घेतल्या, ४०० किलो झाले. एक इंचाची एकच खुंटीही आकड्यात बसते, पण मी दोन घेतो. एकीत लपलेली गाठ निघाली तर दुसरी आहे, आणि भोक लहान राहतं.

आता कुसवाची मापं आपोआप निघतात. तुळईच्या तळापासून खुंटीचा मध्य दोन इंच. हे अडीचपटीपेक्षा थोडं जास्त. त्याच्या पुढे कुसवाच्या टोकापर्यंत अडीच इंच, तिपटीपेक्षा जास्त. म्हणून कुसू साडेचार इंच लांब. खाच पावणेपाच इंच खोल, म्हणजे कुसू तळाला टेकणार नाही आणि खांदा नक्की बसेल. तुळई आठ इंच खोल असल्यानं वर सव्वातीन इंच लाकूड शाबूत. कुसवाची जाडी दीड इंच, दोन्ही गाल सव्वादोन-सव्वादोन इंच. कुसवाची रुंदी पूर्ण सहा इंच, एका कडेपासून पावणेदोन इंचावर एक खुंटी, मग अडीच इंच सोडून दुसरी, मग पुन्हा पावणेदोन.

खुंटीपुढचं लाकूड ढकललं जाईल का, तेही पाहून घेऊ. ते दोन बाजूंनी तुटावं लागतं: अडीच इंच लांब, दीड इंच जाड, दोन पृष्ठभाग. एकूण सुमारे ४,८०० चौरस मिलिमीटर. एका खुंटीचे २,००० न्यूटन त्यावर पसरले तर चौरस मिलिमीटरला ०.४२ न्यूटन. साग रेषेच्या दिशेनं एक न्यूटन सहज चालवून घेतो. म्हणजे खुंटी आधी वाकेल. आपल्याला हेच हवं होतं.

एक गोष्ट आकड्यात दिसत नाही पण ती सोडू नका. तुळई कोपऱ्यातल्या खांबावर संपवू नका. खांबाच्या बाहेर तिचं नाक निदान आठ इंच काढा. टोकाशी खाच आली की टोकाचं लाकूड फुटून निघतं. जुन्या वाड्यांत तुळयांची टोकं बाहेर काढून त्यांवर फुलं-कमळं कोरलेली दिसतात. शोभा आहेच, पण ते टोक खाचेला राखत असतं.

आणि खांब खालून उचलला गेला तर वरचा सगळा हिशेब वाया. प्रत्येक खांबाखाली दोन फूट घन काँक्रीटचा ठोकळा घाला, त्याचं वजन ५४० किलोच्या आसपास भरतं. त्यात पोलादी पट्टी बसवा, ती खांबाला दोन बोल्टनी धरा. इथे बोल्टच बरा. खांब जमिनीपासून निदान दोन इंच वर, दगडावर. काळी माती असेल तर ती खणून मुरुमापर्यंत जा. काळी माती फुगते, आकसते आणि ठोकळ्याला दरवर्षी हलवते.

कापणं आणि भोक पाडणं

आधी खाच, मग कुसू. खाचेत बसेल असं कुसू करणं सोपं, उलट अवघड. दोन्हीच्या आखणीला एकच मार्किंग गेज वापरा, मधे सेटिंग बदलू नका. सागाच्या प्रत्येक लाकडाची एक बाजू निवडा, तिच्यावर खूण करा आणि सगळी मापं त्याच बाजूवरून घ्या. लाकूड कुठे दोन सूत जास्त असेल तर ते मागच्या बाजूला जाऊ द्या.

खाच गिरमिटानं ओळीत भोकं पाडून पोकळ करा आणि पटाशीनं भिंती सरळ करा. किकरं (खाच कोरायची जाड पटाशी) मोठं असेल तर कोपऱ्यांसाठी तेच. गाल आतून एकमेकांना समांतर आणि सपाट हवेत. एक लोखंडी पट्टी आत उभी धरून बघा, प्रकाश दिसला तर तिथे फुगवटा आहे. कुसू हातानं दाबून आणि मोगरीच्या हलक्या ठोक्यानं आत गेलं पाहिजे. जोरात ठोकावं लागत असेल तर काढा, रंधा मारा. घट्ट कुसू गालांना आतून ढकलतं आणि मग खुंटी त्यांना फाडायला मदत करते.

आता खुंटीची भोकं. सांध्याला जन्मभर घट्ट ठेवणारी युक्ती इथेच आहे. आधी फक्त गालांतून आरपार भोकं पाडा, कुसू बाहेर असताना. खाचेत एक फळीचा तुकडा सरकवा, म्हणजे आतल्या भिंतीची ढलपी निघणार नाही. भोक सरळ जावं म्हणून मशीनचा स्टँड असेल तर छान, नसेल तर गुण्या शेजारी उभा करा आणि दुसऱ्या माणसाला आडव्या बाजूनं बघायला सांगा.

मग कुसू आत घाला, खांदा पूर्ण बसवा, शिकंज्यानं आवळा. त्याच बिटचं टोक गालाच्या भोकातून आत नेऊन कुसवावर फक्त मध्याची खूण उमटवा. कुसू बाहेर काढा. त्या खुणेपासून अर्धा सूत खांद्याकडे नवी खूण करा. भोक नव्या खुणेवर पाडा.

खांद्याकडे. हे पुन्हा सांगतो, कारण उलटं केलं तर खुंटी सांधा उघडते. कुसवातलं भोक खांद्याच्या जवळ असेल तर निमुळती खुंटी आत शिरताना कुसवाला खोल ओढते आणि खांदा आवळला जातो. साखर पेठेतली खुंटी मधोमध वाकलेली होती ती याचमुळे. ती वर्षानुवर्षं स्प्रिंगसारखी ओढून धरत होती. लाकूड केसभर आकसलं की तिनं तेवढं ओढून घेतलं.

सागात अर्धा सूत पुरतो. एक इंची खुंटीला पाऊण सुतापर्यंत जाता येतं. एक सूत मी सागात कधी घेत नाही. जास्त अंतर घेतलं की एकतर खुंटी ठोकतानाच मोडते किंवा कुसवाचं टोक आतल्या आत तडकतं, आणि ते बाहेरून दिसत नाही.

पहिल्यांदा करत असाल तर उरलेल्या लाकडाच्या तुकड्यांचे दोन सांधे मुद्दाम करून मोडा. एकात खुंटीपुढे नीट अडीच इंच लाकूड ठेवा, दुसऱ्यात फक्त एक इंच. दोन्ही चेनपुलीनं ओढा, लांब उभं राहून. आखूड कुसवाचा सांधा एका आवाजात सुटतो. दुसरा करकरतो, फट वाढत जाते, आणि तुम्हाला थांबायला वेळ मिळतो. मोडल्यावर दोन्ही उघडून आतली खुंटी बघा. एका दुपारीत कळेल ते कुठलाही हिशेब इतकं नीट सांगत नाही.

जुळवणी

सगळे सांधे जमिनीवर एकदा कोरडे जुळवून बघा. खुंट्या ठोकू नका, सळईच्या निमुळत्या पिना घाला आणि कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले की चौकट काटकोनात आहे. मग प्रत्येक सांध्यावर नंबर टाका. पिना काढून तुळई आणि खांब उभे करा, ओळंबा लावा, तिरके दांडे बसवा, आणि खुंट्या सगळ्यात शेवटी.

खुंटीला जवसाचं तेल नुसतं पुसा. गोंद, फेव्हिकॉल काही नको. हा सांधा सुटला पाहिजे, पुढच्या पिढीला दुरुस्त करायचा आहे. लहानपणी आमच्या गल्लीतल्या हातमागाच्या सांगाड्याला पाचरी होत्या. माग हलवायचा असला की पाचरी काढायच्या, नव्या जागी पुन्हा ठोकायच्या. घराची खुंटी तितक्या वेळा निघत नाही, पण तिला निघता आलं पाहिजे.

लाकडी मोगरीनं ठोका, लोखंडी हातोडीनं नाही. कान द्या. सुरुवातीला आवाज पोकळ येतो. खुंटी कुसवाच्या भोकातून वळून पुढच्या गालात शिरली की आवाज भरीव होतो आणि प्रत्येक ठोक्याला खांदा चिकटताना दिसतो. भरीव आवाजानंतर दोन-तीन ठोके पुरे. मागच्या बाजूनं निमुळता भाग पूर्ण बाहेर येऊ द्या, कारण निमुळती खुंटी गालात सैल बसते. निमुळता भाग कापून टाका, पण एक इंच शिल्लक ठेवा. कधीतरी कोणीतरी तिथूनच मारून ती काढणार आहे.

मधे एखादी खुंटी अडली आणि ठोके फुकट जायला लागले तर हट्ट करू नका. काढा, कापून फेका, नवी घ्या. अडलेली खुंटी ठोकत राहिलं की तुटते आणि आत अडकलेला तुकडा काढायला अर्धा दिवस जातो.

जुन्या वाड्याचा सांधा दुरुस्त करत असाल तर भोक आधीच घासून मोठं आणि लंबगोल झालेलं असतं. ते आणखी मोठं करून जाड खुंटी घालायचा मोह होतो. आधी टोकापासूनचं आणि काठापासूनचं अंतर मोजा. बहुतेक वेळा नव्या व्यासाला ते पुरत नाही. त्यापेक्षा जुन्या भोकात सागाची डट्टी गोंदानं बसवा, ती नीट वाळू द्या आणि मूळ व्यासाचं भोक नव्यानं पाडा. कुसूच कुजलं असेल तर खांबाचं डोकं कापून नवं लाकूड जोडावं लागतं. ते काम ज्याच्या हातून आधी झालंय अशा सुताराकडूनच करून घ्या.

उभारणीनंतर पहिल्या मे महिन्यात सगळ्या खुंट्यांवर एक फेरी मारा. मोगरीनं हलका ठोका द्या. ठणठणीत आवाज आला तर सोडून द्या. दबका आला तर खुंटीच्या जाड टोकावर एक-दोन ठोके मारून ती आणखी आत सरकवा. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा. नंतर सहसा गरज पडत नाही. त्याच आऱ्यातून फोडलेल्या पाच-सहा जादा खुंट्या आधीच करून ठेवा, सुतळीनं बांधा आणि ओसरीच्या आढ्याला, वाळवी पोहोचणार नाही अशा जागी टांगा. बरोबर एका कागदावर भोकाचा व्यास आणि अर्ध्या सुताची दिशा लिहून ठेवा.